पदवीपाशी थांबलेली कथा : मराठी चरित्रपरंपरेतील स्त्री-डॉक्टर

मराठी वाङ्मयातील स्त्री-डॉक्टरची प्रतिमा प्रामुख्याने डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या जीवनावरून घडलेली आहे. काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेले चरित्र, श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी (१९६८) आणि त्याच नावाचा २०१९ मधील चित्रपट अशी ही परंपरा आहे. तिचे मोल नाकारण्याचा हेतू येथे नाही. तथापि वाचकाच्या मनात या कथेचा कळस एकच राहतो, तो म्हणजे ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात मिळालेली पदवी. स्त्रीने वैद्यकाचा उंबरठा ओलांडला, यातच आपण सारे नाट्य पाहिले. आत गेल्यावर तिला कोणते स्थान मिळाले, हे समीक्षेनेही फारसे विचारले नाही.

वास्तविक हा प्रश्न आनंदीबाईंच्याच चरित्रात आहे. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली, ती स्त्रियांच्या कक्षापुरती. त्यांचा प्रबंधही प्रसूतिशास्त्रावरचाच. तृतीय वर्षाच्या वर्गात एका विद्यार्थिनीने मला विचारले, “मॅडम, त्या जगल्या असत्या, तर संपूर्ण रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या असत्या का?” वर्गात हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्याजोगा नव्हता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना आनंदीबाई गेल्या आणि त्या शोकात हा प्रश्न झाकला गेला.

आज वैद्यकीय महाविद्यालयांत मुलींच्या प्रवेशाचे अप्रूप उरलेले नाही. परंतु स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात स्त्रिया बहुसंख्य, तर अस्थिरोग वा शस्त्रक्रिया विभागात मोजक्याच, ही विभागणी कायम आहे. पदव्युत्तर प्रशिक्षणाची तीन वर्षे विवाह व अपत्यजन्माच्या वयातच येतात. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली खरी. पण बढतीला सेवेची वर्षे आणि शोधनिबंध दोन्ही लागतात, आणि निबंध रजेत आपोआप लिहिले जात नाहीत. (हे गणित प्रस्तुत लेखिकेलाही परके नाही.) कक्षाची जुनी भिंत अशी नियमांच्या आडून टिकते.

आनंदीबाईंना आयुष्य लाभले नाही, ही सबब डॉ. रखमाबाईंच्या बाबतीत चालत नाही. १८९५ मध्ये त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या; पुढे राजकोटसह सुमारे पस्तीस वर्षे त्यांनी वैद्यकीय सेवा केली. इंडियन मेडिकल सर्व्हिसहून निराळी, केवळ स्त्रियांसाठीची वूमेन्स मेडिकल सर्व्हिस १९१४ मध्ये स्थापन झाली होती. तिच्यातील पद १९१८ मध्ये रखमाबाईंना देऊ केले गेले. ते नाकारून त्यांनी राजकोट संस्थानचे रुग्णालय पत्करले. अनुभवी डॉक्टरने स्वतःच्या करिअरविषयी घेतलेला हा निर्णय कादंबरीकाराला आव्हान देणारा आहे. आपण मात्र रखमाबाईंना आजही १८८४ च्या खटल्यातील पत्नी म्हणूनच ओळखतो.