२३ की ३०? ‘द फेअरटॅक्स बुक’ वाचताना

१५ एप्रिल जवळ आला की आपल्या पार्ट्यांत हा विषय निघतोच: मिळकतीवर कर कशाला, जो खर्च करील त्याच्याकडून घ्या. या मताच्या मंडळींचा आधारग्रंथ म्हणजे नील बूर्ट्झ आणि जॉन लिंडर यांचं २००५ साली आलेलं ‘द फेअरटॅक्स बुक’. बूर्ट्झ रेडिओवर बोलणारे, लिंडर तेव्हा जॉर्जियाचे खासदार. पुस्तक चटकदार आहे आणि नुकताच टॅक्स भरून चिडलेल्या माणसाला चटकन पटतं. मला अर्धं पटलं.

योजना अशी: फेडरल आयकर, सोशल सिक्युरिटीसाठीची पगारकपात, कंपन्यांवरचा कर, सगळं रद्द. त्याऐवजी नव्या वस्तूंवर आणि सेवांवर २३ टक्के विक्रीकर. गरिबाला झळ बसू नये म्हणून दारिद्र्यरेषेपर्यंतच्या खर्चावरचा कर प्रत्येक कुटुंबाला दरमहा आगाऊ परत. ही तरतूद खरंच चांगली आहे. आपल्याकडे जकात नाक्यावर माल तपासत, तो वापरणाऱ्याची ऐपत कोणी विचारत नसे.

पण त्या २३ टक्क्यांपाशी जरा थांबा. ७७ डॉलरच्या वस्तूवर २३ डॉलर कर, एकूण १००, म्हणून २३ टक्के. तुमच्या-माझ्या दुकानातल्या हिशेबाने ७७ वर २३ म्हणजे जवळजवळ ३० टक्के. लेखक म्हणतात, आयकराचा दरही असाच एकूण रकमेवर सांगतात. तुलनेपुरतं ते बरोबर आहे. पण विक्रीकर आणायचा तर तो विक्रीकरासारखा सांगायला नको?

याहून जास्त खटकतं ते पुढे. पगार कपातीविना पूर्ण हातात येईल, शिवाय किमतींत दडलेले सुमारे २२ टक्के कर गेल्याने वस्तूही स्वस्त होतील, असं आश्वासन आहे. पण त्या दडलेल्या करांत नोकरांच्या पगारातून कापला जाणारा करही धरलेला आहे. ती रक्कम नोकराच्या हाती दिली, तर मालकाचा खर्च उतरणार कसा? अध्यक्ष बुश यांनी नेमलेल्या करसुधारणा समितीनेही त्याच वर्षी राष्ट्रीय विक्रीकराची शिफारस केली नाही.

हा कर आयुष्यात कधी आणि कुठे पडणार, यावर मात्र पुस्तक रेंगाळत नाही. माझ्यासारख्या पोस्टडॉकच्या पगारातलं महिनाअखेर फारसं उरत नाही. मोठा वाटा घरभाड्यात जातो, आणि या योजनेत भाड्यावरही कर आहे. कोणी जुनं घर विकत घेतलं, तर त्यावर नाही. ज्या काकांनी तीस वर्षं आयकर भरून उरलेले पैसे रॉथ खात्यात टाकले, त्यांना ते एडिसनमध्ये खर्च करताना पुन्हा कर. त्यांचाच मित्र ४०१-केचे पैसे घेऊन पुण्याला परतला, तर त्याच्या तिथल्या खर्चावर अमेरिकेचा एक सेंटही कर नाही. आणि ते पैसे खात्यात टाकतानाही त्याने आयकर भरलेला नव्हता!

आणि तो दरमहाचा परतावा? विधेयकानुसार कुटुंबातली माणसं मोजायची ती सोशल सिक्युरिटी क्रमांक असलेलीच. एच-४ वर आलेली, कामाचा परवाना नसलेली बायको त्या मोजणीत येत नाही. तिच्या किराण्यावर कर मात्र पूर्ण.