एका उन्हाळ्यात संशोधक घडतो का?

मंडळी, आज ज्या योजनेवर टीका करणार आहे, ती मला मनापासून आवडते. हे आधीच सांगून टाकते.

अमेरिकेतल्या बाल-किशोर मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने डॉ. जीन स्पर्लॉक यांच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवली. अल्पसंख्य समाजांतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत मार्गदर्शकाच्या हाताखाली संशोधन करावं, हा हेतू. स्पर्लॉक स्वतः कृष्णवर्णीय. 1947 साली हॉवर्ड विद्यापीठातून डॉक्टर झालेल्या.

तुम्ही म्हणाल, संशोधक कुठल्या समाजातला आहे याने काय फरक पडतो? आकडे ते आकडेच. थांबा जरा. डेव्हिड मँडेल आणि सहकाऱ्यांनी 2007 साली फिलाडेल्फियातल्या ऑटिझम असलेल्या 406 मुलांच्या नोंदींवर निबंध लिहिला. तज्ज्ञाच्या पहिल्याच भेटीत ऑटिझम ओळखला जाण्याची शक्यता कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत गोऱ्या मुलांपेक्षा बरीच कमी निघाली. त्यांच्यावर वर्तनविकाराचा शिक्काही जास्त बसत होता. म्हणजे मदत हवी असलेलं मूल 'द्वाड' ठरतं, आणि हातची वर्षं जातात.

समाज एकच असला की डॉक्टरला सगळं कळतं, असं मुळीच नाही. पण 'हे मूल द्वाड कुणी ठरवलं?' हा प्रश्न ज्याच्या घरात कधीतरी विचारला गेलाय, त्याला तो प्रयोगशाळेतही सुचण्याची शक्यता जास्त.

आता टीका. उन्हाळ्यात गोडी लागते, पण संशोधक व्हायचं की नाही हे तेव्हा ठरत नाही. तिथे वैद्यकीय शिक्षण 4 वर्षं, त्यापुढे बालमनोविकारतज्ज्ञ व्हायला साधारण 5 वर्षं. एवढं झाल्यावर डोक्यावर कर्ज असतं, आणि दवाखान्यात संशोधनापेक्षा जास्त पैसे मिळतात. घरची शिल्लक नसलेला मुलगा किंवा मुलगी इथेच गळते. सरकारी कर्जफेड योजना आहेत, संशोधनाला छोटी अनुदानंही आहेत. पण पहिल्या उन्हाळ्यातला मार्गदर्शकच या टप्प्यापर्यंत सोबत राहिला, अर्ज लिहायला बसला, तर त्यांचा खरा उपयोग.

म्हणून अशा योजनेचं यश मोजताना किती जण आत आले हे विचारू नका. दहा वर्षांनी किती जण अजून प्रश्न विचारतायत, ते विचारा.