टोपी घट्ट धरून बसलेला मंत्री

जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेत दुष्टांची वाण नाही, पण मला सर्वाधिक अस्वस्थ करतो तो जादूमंत्री कॉर्नेलियस फज. बोलायला गोड, मुलांशी मायेनं वागणारा हा गृहस्थ रोज सकाळी शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर यांच्याकडे घुबडं पाठवून सल्ला मागतो, हे पहिल्या पुस्तकातच कळतं. दुसऱ्या पुस्तकात तो शाळेचा रखवालदार असलेल्या निर्दोष हॅग्रिडला अझ्काबानच्या तुरुंगात न्यायला येतो, कारण सरकार काहीतरी करतंय हे दिसायला हवं. बोलताना हातातल्या टोपीशी त्याचा चाळा सुरू असतो. त्याला अवघडल्यासारखं होतं, तरी हॅग्रिडला जावं लागतंच.

खरा फज दिसतो तो चौथ्या पुस्तकाच्या (२०००) छत्तिसाव्या प्रकरणात. दुष्ट जादूगार व्होल्डेमॉर्ट परतलाय, हॅरीसोबत स्पर्धेत उतरलेला विद्यार्थी सेड्रिक मेलाय. कबुलीजबाब देणारा साक्षीदार फजनंच सोबत आणलेल्या रक्षकानं संपवलाय. शिक्षक स्नेप बाही वर सारून हातावरची व्होल्डेमॉर्टची खूण दाखवतो. फज ती बघतो आणि मागे सरतो. पाऊल उचललं तर पदावरून हाकलतील, ही त्याची भीती. जाताजाता मात्र तो हॅरीच्या खाटेजवळ वळतो आणि हजार गॅलिअन नाण्यांची थैली टेबलावर टाकतो. स्पर्धेचं बक्षीस. मग टोपी डोक्यावर दाबून दार आपटून निघून जातो. मुलाचा जीव गेला त्याच रात्री हिशेब चुकता करणारी ही थैली वाचली, की सानुग्रह अनुदानाचा धनादेश देऊन परतणारी गाडी डोळ्यांपुढे येते. इथं रोलिंग एका शब्दानंही त्याला दोष देत नाहीत. थैली पुरेशी आहे.

फजची पुढची वाटचाल वाचताना मला समर्थ रामदास आठवतात. आमच्या जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या जांबेला १६०८ साली ते जन्मले. दासबोधाच्या अकराव्या दशकात त्यांनी हरिकथेमागोमाग राजकारण मांडलं, त्यानंतर सावधपण आणि मग साक्षेप, म्हणजे सततचा उद्योग. हा क्रम मनात धरून पाचवं पुस्तक (२००३) वाचावं. फज तिथं रिकामा बसलेला नाही, उलट कमालीचा उद्योगी आहे. पंधरा वर्षांच्या पोरासाठी अख्खं न्यायमंडळ बसवतो, सुनावणीची वेळ ऐनवेळी बदलतो, शाळेवर फर्मानांमागून फर्मानं काढतो. साक्षेप आहे, सावधपण नाही. दुबळा राज्यकर्ता हातावर हात धरून बसतो असं आपण समजतो. रोलिंग दाखवतात की तो दिवसरात्र राबतो, फक्त चुकीच्या माणसाच्या मागे. शेवटी स्वतःच्या मंत्रालयात व्होल्डेमॉर्ट डोळ्यांनी दिसतो, तेव्हा फजच्या झग्याखाली रात्रीचा पायजमा असतो. वर्षभराची सगळी धावपळ त्या एका तपशिलात उघडी पडते.

सहाव्या पुस्तकाच्या (२००५) आरंभी तो ब्रिटनच्या पंतप्रधानांकडे येतो. रोडावलेला, केस आणखी विरळ झालेले. पूल कोसळलाय, माणसं मारली गेलीत, त्याचं पद गेलंय. तरीही त्याच्याबद्दल थोडी कणव वाटतेच, आणि ही लेखिकेची मोठी कमाई आहे. त्याचा द्वेष करून मोकळं होता येत नाही, कारण त्याची भीती आपल्या ओळखीची असते.

मालिका मुलांची म्हणून बाजूला ठेवली असेल, तर निदान ही दोन प्रकरणं लागोपाठ वाचा: चौथ्यातलं छत्तिसावं आणि सहाव्यातलं पहिलं. मराठीतही ही मालिका मिळते.