तक्त्यातला लठ्ठ माणूस

रत्नागिरीतल्या एका शाळेच्या आरोग्य प्रदर्शनात आम्ही एक तक्ता पाहिला. मधोमध लठ्ठ माणूस, त्याच्या पोटातून निघालेले बाण आणि प्रत्येक बाणाच्या टोकाशी एकेका कर्करोगाचं नाव. पाहणाऱ्या मुलांनी वर्गातल्या एका जाड मुलीला त्या चित्राशेजारी उभं केलं आणि हसून घेतलं.

यादी चुकीची नव्हती. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटानं २०१६ साली तेरा प्रकारच्या कर्करोगांचा जादा चरबीशी असलेला संबंध मान्य केला आहे. आमचा आक्षेप बाणांना आहे. वाटेत काय घडतं, ते बाण सांगतच नाहीत.

चरबी म्हणजे पोत्यात भरलेला साठा, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात या पेशी ग्रंथीसारखं काम करतात. चरबीच्या ऊतीतलं अ‍ॅरोमटेज हे विकर इतर संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन बनवतं. पाळी चालू असताना मुख्य पुरवठा अंडाशयाचा असतो, त्यामुळे हा जोडधंदा फारसा जाणवत नाही. पाळी गेल्यावर मात्र चरबी हाच इस्ट्रोजेनचा मुख्य कारखाना होतो. म्हणून लठ्ठपणामुळे स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो तो पाळी गेल्यानंतर. त्याआधी तो उलट थोडा कमीच आढळतो. तक्त्यावर हा बाण सरसकट होता. वर्गात टाकण्याजोगं इतकं छान कोडं वाया गेलं!

दुसरी वाट इन्सुलिनची. पोटातली चरबी वाढली की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, मग स्वादुपिंड ते जास्त सोडतं. इन्सुलिन पेशींना वाढायलाही सांगतं. शिवाय फुगलेल्या चरबीत सौम्य दाह धुमसत राहतो. पेशी जितक्या जास्त वेळा विभागतात, तितका जनुकांची नक्कल चुकण्याला वाव.

आणि मुळात तो माणूस लठ्ठच का? पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचाही बीएमआय २२.३; पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. नुसता वजनकाटा हा फरक दाखवत नाही.

तोंडाचा कर्करोग त्या तेरांत नाही. आपल्याकडे त्याचं मोठं कारण तंबाखू; मिश्रीही त्यातच आली. तिच्यासाठी प्रदर्शनात वेगळा तक्ता हवा होता.

पुढच्या वर्षी चित्र काढाल तेव्हा मधोमध चरबीची एक पेशी काढा. बाणांवर काय लिहायचं, ते मुलांना विचारा.