एका हिशेबनिसाचे परीक्षण

परीक्षण पुस्तकाचे लिहितात, नाटकाचे लिहितात, हल्ली तर मिसळीचेही लिहितात. मी ज्याचे लिहिणार आहे तो एक कॉम्प्युटर प्रोग्रॅम आहे. ब्रिजच्या स्पर्धेचे गुण मोजणे हा त्याचा धंदा. त्याचे नाव सांगणार नाही. एक तर जे घडले त्यात दोष त्याचा किती आणि माझा किती, याचा निवाडा अजून व्हायचा आहे. दुसरे म्हणजे मी बँकेतला कारकून. खातेदाराचे नाव बाहेर फोडायचे नाही ही आमची जुनी सवय.

देगलूर आणि ब्रिज हे दोन शब्द एका वाक्यात आले की ऐकणारा लेंडीवरच्या पुलाची चौकशी करतो. पण आमच्या गावात पत्त्यांचे ब्रिजही आहे. मोंढ्यात दुपारच्या वेळी मेंढीकोट, लग्नघरी रात्री रमी आणि क्लबाच्या हॉलात रविवारी ब्रिज, अशी वाटणी आहे. रमीवाल्यांच्या पाठीशी निदान सुप्रीम कोर्ट होते. सिकंदराबादच्या एका क्लबावर धाड पडली, तो खटला थेट दिल्लीला गेला आणि १९६७ साली निकाल लागला की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, आणि पत्ते पिसण्या-वाटण्यात जे नशीब असते ते ब्रिजमध्येही असतेच. आमच्या वकीलसाहेबांना हा निकाल तोंडपाठ आहे. त्यांच्या सौभाग्यवतींना तो मान्य नाही.

ब्रिजला घरात खरी किंमत आली ती २०१८ साली. त्या वर्षी जाकार्ताच्या आशियाई स्पर्धांत ब्रिज प्रथमच आले आणि प्रणब बर्धन व शिबनाथ सरकार या जोडीने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. एकाचे वय साठ, दुसऱ्याचे छप्पन्न. साठीला सुवर्णपदक मिळते म्हटल्यावर क्लबातल्या प्रत्येकाला आपल्या हाताशी अजून बराच वेळ आहे असे वाटू लागले. त्या भरात पुढे स्पर्धा भरवायचे ठरले आणि 'बँकेत आहे, त्याला कॉम्प्युटर येतो' या एका गैरसमजावर हिशेबाचे खाते माझ्याकडे आले.

आता स्पर्धेचे ब्रिज घरच्यासारखे नसते. एकदा वाटलेले पत्ते चार कप्प्यांच्या बोर्डात घालून टेबलाटेबलावर फिरवतात. जे तेरा पत्ते आत्ता मला आले, तेच तासाभराने डॉक्टरसाहेबांना येणार. म्हणजे 'पत्तेच वाईट आले हो' ही सबब गेली. ब्रिज सोडणाऱ्या बऱ्याच जणांनी ते नेमके इथेच सोडले आहे.

गुणांचा मूळ तक्ता जमवला तो हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन कोट्यधीशाने, १९२५ साली, पनामा कालव्यातून चाललेल्या बोटीवर. त्यात थोडेफार फेरफार होऊन तोच आजही चालतो. साध्या डावात इस्पिकची चाराची बोली पुरी केली की ४२० गुण. (आमचे वकीलसाहेब हा आकडा स्वतःच्या हाताने लिहीत नाहीत, भागीदाराला लिहायला लावतात.) त्याच पत्त्यांवर दुसऱ्या टेबलावर कुणी हुकुमाशिवायची तीनाची बोली घेऊन एक हात जास्त केला तर ४३०. फरक दहाचा, पण ज्याचे ४३० त्याने ४२० वाल्याला हरवले. कितीने हरवले याला किंमत नाही. हरवलेल्या प्रत्येक जोडीचे दोन गुण, बरोबरीचा एक. पाच टेबले असली की एका बोर्डावर जास्तीत जास्त आठ.

हे सगळे कळले तेव्हा माझ्यातला कारकून आनंदला. दहा जोड्या, पंचवीस बोर्ड. कुणी कसेही खेळो, सगळ्यांच्या गुणांची बेरीज बरोबर एक हजार आलीच पाहिजे. ट्रायल बॅलन्स! शेवटच्या फेरीत बोर्ड फिरवून ठेवायचे, म्हणजे उत्तर-दक्षिणवाले आणि पूर्व-पश्चिमवाले मिळून एकच यादी लागते, हेही प्रोग्रॅमनेच मला शिकवले. बेरजेत तो कधी चुकला नाही. वापरायला मात्र माणूसघाणा. नावे इंग्रजीतच घेतो, तीही ठरावीक अक्षरांत. आमच्या पोस्टमन गृहस्थांचे आडनाव त्याने अर्ध्यावर तोडले. ते म्हणाले, "राहू द्या, पत्ता बरोबर असला म्हणजे झालं."

एका बाबतीत तर त्याला मी मानले. सतराव्या बोर्डावर डॉक्टर-वकील जोडीने समोरच्यांशी असा वाद घातला की फेरीची वेळ संपली आणि बोर्ड राहून गेला. चूक दोघांची, म्हणून दोघांनाही निम्मे गुण, चार-चार. उरली चार टेबले. तिथे पहिल्या आलेल्या जोडीने तिघांना हरवले, म्हणजे सहा. पाच टेबलांच्या हिशेबात त्याचे किती धरायचे? मी आठ धरले असते. प्रोग्रॅमने धरले पावणेआठ. मला वाटले सापडला! मग कळले की हे नॉयबर्ग नावाच्या फ्रेंच माणसाचे सूत्र आहे. सहात एक मिळवा, पाचाने गुणून चाराने भागा, एक वजा करा. कारण चार टेबलांत पहिला आलेला पाचव्यातही पहिला आलाच असता असे नाही. आणि चारांत शेवटचा आला त्यालाही त्याच न्यायाने शून्याऐवजी पाव गुण मिळतो. रात्री घरी बेरीज करून पाहिली. हजारच. पाव गुणासाठी इतका विचार करणारे यंत्र मी आमच्या खात्यातही पाहिलेले नाही.

मामला बिघडला तो पायऱ्यांवर.

पायऱ्यांची कल्पना अमेरिकेच्या ब्रिज महासंघात चांगली मुरलेली आहे. त्यांचा एसीबीएलस्कोअर नावाचा डॉसच्या जमान्यातला प्रोग्रॅम कितीतरी वर्षे हेच काम करत आला. कल्पना अशी की नवख्यांनी आणि मुरलेल्यांनी एकाच हॉलात, एकाच पत्त्यांवर खेळायचे. पण जोड्यांना आधीच अ, ब, क अशा पायऱ्या द्यायच्या. क वाल्याचा निकाल क मध्ये तर लागतोच, शिवाय तो ब मध्ये आणि अ मध्येही मोजतात. अ वाल्याला मात्र खाली उतरता येत नाही. म्हणजे नवखा वर चढू शकतो, पण मुरलेला नवख्याच्या ताटातले उचलू शकत नाही. आमच्या बढतीच्या नियमांत हे असते तर मी हा लेख केबिनमधून लिहिला असता.

पण पायरी द्यायची कशावरून? तिकडे प्रत्येक खेळाडूच्या नावावर जन्मभराचे मास्टर पॉइंट जमा असतात, त्यावरून. आमच्या क्लबात कुणाच्याच नावावर छदाम नाही. प्रोग्रॅमला मात्र आकडा हवाच. तेव्हा डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात, पेशंट गेल्यावर, समिती बसली. डॉक्टर आणि वकील, प्रत्येकी पाचशे: पायरी अ. मी आणि हायस्कूलचे गणिताचे सर, दोनशे: पायरी ब. मोंढ्यातल्या अडतीवरचे मुनीमजी आणि निवृत्त पोस्टमन, वीस: पायरी क. कोण कसे खेळतो हा विषय निघालाच नाही. निघाला असता तर मुनीमजींना गेल्या हंगामातला हरभऱ्याचा भाव आणि गेल्या रविवारची किलवरची दुर्री कुणी टाकली, दोन्ही आठवते, हे कुणीतरी बोलले असते. मीही बोललो नाही. मी आकडे टाइप केले. प्रोग्रॅमने ते मुकाट्याने गिळले. बँकेत खाते उघडायला येणाऱ्याला आम्ही निदान दोन पुरावे तरी मागतो.

आणि पुढच्या खिडकीत एक बारीक चौकोन होता: खालच्या पायरीची जोडी वरच्या पायरीत मोजायची का? तिथे खूण करायची राहिली.

निकालाचा कागद भिंतीवर लागला. पायरी अ, पहिले: डॉक्टर-वकील, ११८ गुण, ५९.०० टक्के. पायरी क, पहिले: मुनीमजी-पोस्टमन, १२२.७५ गुण, ६१.३८ टक्के. अ ला करंडक, क ला तीन पुडांचा स्टीलचा डबा. डबा घेताना पोस्टमन टाळ्यांत रमले. मुनीमजी चष्मा वर करून कागदासमोर उभे होते.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "सतराव्यात आमचे पावणेआठ कसे? पाव कुठं गेला?"

मी नॉयबर्ग समजावला. त्यांनी बोटांवर केले, मान हलवली. "बराबर हाय. चौघांत पैला म्हंजी पाचात पैला असंलच असं नाही." जरा थांबून म्हणाले, "मंग हे बी सांगा. आमचे एकसष्ट, त्यांचे एकोणसाठ. पत्ते तेच. मंग मोठा कप त्यांच्याकडं कसा?"

मी लॅपटॉप उघडला, खूण केली. डोळ्याचे पाते लवायच्या आत नवी यादी आली: मुनीमजी-पोस्टमन, अ मध्ये पहिले, ब मध्ये पहिले, क मध्ये पहिले. इतक्या झटक्यात की मला राग आला. अरे, तुला हे ठाऊक होते तर बोलला का नाहीस!

इथे वकीलसाहेब उभे राहिले. ब्रिजच्या आंतरराष्ट्रीय कायद्याचे ७९ वे कलम असे की स्पर्धा भरवणाऱ्यांनी दुसरे काही ठरवले नसेल, तर निकाल लावल्यापासून ३० मिनिटांच्या आत गुणांच्या मोजणीतली चूक दुरुस्त करता येते. त्यांचे म्हणणे, मोजणीत चूक नाहीच. चूक वर्गवारीची, तिला हे कलम लागत नाही. माझे म्हणणे, कागद लागून बावीस मिनिटे झाली आहेत आणि तुम्ही बोलत राहिलात तर तीस होतील. शेवटी डॉक्टरसाहेबांनी न बोलता करंडक नेऊन मुनीमजींच्या हातात दिला. एकाला एकच बक्षीस, म्हणून स्टीलचा डबा पोस्टमनकाकांच्या हातून काढून क मधल्या दुसऱ्या जोडीला द्यावा लागला. त्या जोडीचा आनंद कुणाला पाहवला नाही.

तर या प्रोग्रॅमबद्दल माझे मत असे. टेबलावरचा प्रत्येक निकाल उत्तरेचा खेळाडू लिहितो आणि पूर्वेचा त्यावर सही करतो. मोठ्या स्पर्धांत टेबलावर हॉलंडचे ब्रिजमेट नावाचे छोटे यंत्र ठेवतात, तेही पूर्व-पश्चिमवाल्यांनी मान्य केल्याशिवाय आकडा पुढे पाठवत नाही. आम्ही बँकेत याला मेकर-चेकर म्हणतो: एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासायची. पत्त्यांच्या दर हिशेबाला यांनी चेकर नेमला आहे. कोण अ आणि कोण क, ही स्पर्धेतली सगळ्यात मोठी नोंद, ती मात्र एकट्या मेकरच्या भरवशावर. त्या रात्री मेकर मी होतो, आणि चेकर आमच्याकडे एक होता. त्याला क मध्ये बसवले होते.

यंदा मी एक सुधारणा केली आहे. प्रत्येक जोडीला कोरी चिठ्ठी दिली: तुमची पायरी तुम्हीच लिहा आणि खाली सही करा. समितीचा आग्रह मुनीमजींनी अ लिहावे. त्यांनी मला विचारले, "अ मधून खाली उतरता येतंय का?"

"नाही, मुनीमजी."

"मंग आमी क मधीच बरे," म्हणून त्यांनी ठसठशीत क काढला.

बाकीच्यांच्या चिठ्ठ्या आल्या. डॉक्टरसाहेबांची अजून दवाखान्यातच आहे. दोनदा जाऊन आलो. म्हणतात, "देतो हो. वकिलांनी काय लिहिलंय ते आधी सांगा."