तटस्थांचे 'रणांगण'

'तटस्थ' या शब्दाचा मूळ अर्थ काठावर उभा असलेला. विश्राम बेडेकर यांच्या 'रणांगण' (१९३९) या कादंबरीचा नायक चक्रधर विध्वंस हा या अर्थाने तटस्थ पुरुष होय. युरोपातून मुंबईस येणाऱ्या बोटीवर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत. त्यांतील हेर्टाशी त्याचे प्रेम जडते. मुंबईच्या धक्क्यावर तो उतरतो, तिला उतरता येत नाही. पुढील प्रवासात ती आत्मघात करते. कादंबरीत रणभूमी कोठेच नाही, तरीही शीर्षक यथार्थ ठरते; कारण काठावर उभे राहणे हीही एक कृती असून तिची किंमत दुसऱ्या कोणास तरी द्यावी लागते, हे बेडेकरांनी महायुद्धाच्या उंबरठ्यावरच ओळखले होते.

हिंदुस्थानला तर तटस्थतेचा विकल्पही लाभला नाही. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी लोकप्रतिनिधींना न विचारता देश युद्धात लोटला. काँग्रेस मंत्रिमंडळांनी निषेधार्थ राजीनामे दिले. तथापि युद्ध घरात शिरले ते पुढे. १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तेथील तांदूळ बंद झाला आणि १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग आले. भातखाऊ कोकणपट्टीस युद्ध कळले ते ताटातून. कल्याणनजीक लष्करी छावणी वसली. नेवाळीच्या शेतजमिनी विमानांच्या धावपट्टीसाठी गेल्या.

या अनुभवाला मराठी कादंबरीने 'रणांगण'च्या तोडीचा न्याय दिला, असे म्हणवत नाही. तो साठून राहिला आहे तो बोलीत. शासकीय परिभाषेने 'शिधापत्रिका' हा शब्द स्वीकारला. 'शिधा' या शब्दाला देवालयाचा आणि अतिथिधर्माचा गंध आहे. लोकांनी मात्र 'रेशनकार्ड'च ठेवले आणि पदरी पडलेल्या धान्यास 'कंट्रोलचा तांदूळ' म्हटले. परिभाषाकारांपेक्षा हे परीक्षण अधिक अचूक मानावे लागेल; रांगेत उभे राहून, मोजून मिळणारे अन्न शिधा नव्हे.

कल्याणच्या त्या छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. हेर्टाला न लाभलेला किनारा त्यांना लाभला, पण तो सैनिकांनी रिकाम्या केलेल्या बराकींचा. १९४९ मध्ये वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले; पत्त्यांत 'कॅम्प नंबर' आणि 'बॅरेक नंबर' आजही लिहिले जातात. इकडे नेवाळीचे शेतकरी २०१७ मध्ये त्याच धावपट्टीची जमीन परत मागत रस्त्यावर उतरले. त्यांच्या युद्धकाळाची कादंबरी अद्याप लिहिली जावयाची आहे.