'जॅबरवॉकी' : विद्रूप मध्ययुग आणि चित्रपटाच्या पाठाचा प्रश्न

प्रास्ताविक

साहित्यकृतीचा विचार करताना आपण कोणती प्रत हाती धरली आहे, हे सांगण्याची शिस्त मराठी अभ्यासकांच्या अंगवळणी पडलेली आहे. 'ज्ञानेश्वरी'च्या प्रतींची चर्चा असो किंवा पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती असो, पाठाचा विचार केल्यावाचून अर्थाचा विचार पुरा होत नाही, हे तेथे गृहीत असते. चित्रपटाविषयी लिहिताना व शिकविताना मात्र हीच शिस्त आपण सहज बाजूला ठेवतो. कॅसेट, डीव्हीडी वा ब्ल्यू-रे यांपैकी जे हाती येईल त्यालाच 'चित्रपट' मानून आपण निर्णय देतो. टेरी गिलियम यांच्या 'जॅबरवॉकी' (१९७७) या विनोदी, पण काळोख्या मध्ययुगीन कल्पितपटाच्या आधारे या सवयीचा पुनर्विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कथानक आणि त्यातील उपरोध

गिलियम यांनी टेरी जोन्स यांच्यासमवेत 'माँटी पायथन अँड द होली ग्रेल' (१९७५) दिग्दर्शित केला होता. 'जॅबरवॉकी' हा त्यांनी एकट्याने दिग्दर्शित केलेला पहिला कथापट होय. चार्ल्स अल्व्हर्सन हे त्यांचे सहलेखक होते. चित्रपटाचे नाव व त्यातील राक्षस लुईस कॅरोल यांच्या १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या 'थ्रू द लुकिंग-ग्लास' या पुस्तकातील निरर्थ-कवितेवरून घेतलेले आहेत. बाकीची कथा स्वतंत्र आहे.

नायक डेनिस (मायकेल पेलिन) हा लाकडी पिंपे घडविणाऱ्या कारागिराचा मुलगा. बापाला कलेचा अभिमान, तर मुलाला मालाच्या मोजदादीत रस. मरणशय्येवरील बाप त्याला नाकारतो आणि डेनिस पोटासाठी शहराकडे निघतो. ग्रिसेल्डाने फेकून दिलेला कुजका बटाटा तो प्रेमाची खूण म्हणून जपतो. शहरात त्याला एक नामांकित पिंपकारागीर भेटतो, तो भिकाऱ्याच्या रूपात. धंद्यावर कारागिरांच्या संघाची पकड असल्याने काम मिळत नाही, म्हणून त्याने भिकेसाठी स्वतःचा पाय तोडून घेतला आहे. प्रेक्षक हसतो, पण ते हसू घशातच अडकते.

राज्याला राक्षसाने ग्रासले आहे. त्याचा सामना करणारा वीर निवडण्यासाठी भरविलेल्या स्पर्धेत इतके नाइट मारले जातात, की अखेर लपंडाव खेळून निवड करावी लागते. दुसरीकडे, भयभीत प्रजा तटबंदीच्या आत एकवटल्यामुळे व्यापाऱ्यांची भरभराट झाली आहे. राक्षस मरावा असे त्यांना मुळीच वाटत नाही. भीती हीच बाजारपेठ, हे या चित्रपटाचे सर्वांत गंभीर विधान होय आणि ते थट्टेच्या सुरात केलेले असल्यामुळेच अधिक बोचते.

शेवटी डेनिसच्या हातून राक्षस मरतो, तोही जवळजवळ अपघाताने. त्याला अर्धे राज्य आणि राजकन्या मिळते. त्याला हवी असते ग्रिसेल्डा. परीकथेचा सुखान्त येथे बक्षीस म्हणून येत नाही, शिक्षा म्हणून येतो. परीकथेची चौकट माणसाची इच्छा न विचारता त्याच्यावर लादली जाते, हा या विडंबनाचा गाभा आहे.

काळोख हाच आशय

हे सारे संवादांतून कळते, असे मात्र नाही. राजा ब्रूनोच्या (मॅक्स वॉल) किल्ल्याचे छत सतत झडत असते. दरबारावर धूळ व माती पडत राहते. छायालेखक टेरी बेडफर्ड यांनी अंतर्गृहे मंद उजेडात ठेवली आहेत. ब्रॉयगेल व बॉश या चित्रकारांच्या गजबजलेल्या, कुरूपतेला न लाजणाऱ्या चित्रांचे संस्कार चौकटीचौकटीत जाणवतात. वेल्समधील पेम्ब्रोक व चेपस्टो येथील खऱ्या किल्ल्यांचा उपयोग झाल्याने दगडाला वजन आले आहे. चकचकीत चिलखतांच्या हॉलिवुडी मध्ययुगाला दिलेले हे उत्तर आहे. तेव्हा धूळ, चिखल व अंधार ही या चित्रपटाची सजावट नसून त्याचा युक्तिवाद आहे.

मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. प्रसंग सुटे सुटे राहतात, मध्यभाग रेंगाळतो, काही विनोद केवळ किळसेवर विसंबतात. राजकन्या व ग्रिसेल्डा या दोघीही व्यक्ती न होता कल्पनाच राहतात.

आवृत्तींचा प्रश्न

अंधार हाच आशय असेल, तर प्रतीचा दर्जा ही केवळ तांत्रिक बाब उरत नाही. फिकट व धूसर प्रतीत संवाद ऐकू येतात आणि विनोद कळतात. पण ज्या जगातून ते निपजतात ते जग दिसत नाही. मग 'पायथन'चा एक कमी हसविणारा चित्रपट, एवढाच अभिप्राय उरतो. या गैरसमजाला बाजारानेही हातभार लावला. अमेरिकेत प्रदर्शनाच्या वेळी त्याची जाहिरात 'माँटी पायथन'च्या नावाने झाली आणि गिलियम यांनी त्यास विरोध केला. डेनिसप्रमाणेच या चित्रपटावरही एक परकी ओळख लादली गेली.

२०१७ साली क्रायटेरियन कलेक्शनने ब्ल्यू-रे व डीव्हीडी या स्वरूपांत काढलेली आवृत्ती या दृष्टीने महत्त्वाची आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचे राष्ट्रीय संग्रहालय व फिल्म फाउंडेशन यांनी केलेल्या फोर-के पुनरुज्जीवनावर ती आधारलेली असून तीस दिग्दर्शकाची मान्यता आहे. २००१ साली ध्वनिमुद्रित झालेले गिलियम व पेलिन यांचे भाष्य, गिलियम यांची रेखाटने, राक्षसाची घडण करणाऱ्या व्हॅलरी चार्ल्टन यांची मुलाखत आणि ब्रिटनमधील मूळ प्रारंभदृश्य असे साहित्य तीत आहे. यातील शेवटची बाब पाठचिकित्सेच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. या चित्रपटाला एकाहून अधिक आरंभ आहेत, याची ही आवृत्ती स्वतःच कबुली देते. पाठभेद तळटीपेत द्यावेत, तसेच हे झाले.

तथापि, या आवृत्तीलाही अंतिम मानणे योग्य नव्हे. चाळीस वर्षांनंतरची दिग्दर्शकाची मान्यता म्हणजे १९७७ चा पाठ नव्हे. ती लेखकाने उत्तरवयात तपासलेली आवृत्ती होय. पाच-एक पद्धतीचे ध्वनिमिश्रण गिलियम यांच्या देखरेखीखाली झालेले असले, तरी १९७७ च्या प्रेक्षकाने ऐकलेला ध्वनी तो नव्हे. शिवाय पुनरुज्जीवनाचे तंत्र डाग पुसण्यासाठी असते, आणि या चित्रपटात डाग कोणता व आशय कोणता हे ठरविणे सोपे नाही. फितीवरील ओरखडा काढावा; राजाच्या अंगावरील धूळ मात्र राहिली पाहिजे. हा विवेक यंत्राचा नसून समीक्षेचा आहे.

समारोप

वरील विवेचनावरून दोन गोष्टी सांगता येतील. एक, 'जॅबरवॉकी'चे मोल त्याच्या विनोदांच्या संख्येवरून ठरविणे अन्यायाचे आहे. भीतीचा व्यापार आणि लादलेला सुखान्त यांवरील त्याचे भाष्य त्याच्या दृश्यरूपात वसलेले आहे. दोन, चित्रपटावरील प्रत्येक लेखात व वर्गातील प्रत्येक प्रदर्शनात माध्यम, आवृत्ती व वर्ष यांची नोंद असली पाहिजे. शक्य असेल तेथे एकच दृश्य दोन आवृत्तींत दाखवून विद्यार्थ्यांना फरक विचारावा. पाठाविषयीची जी सावधगिरी आपण पोथीला देतो, ती तबकडीला नाकारण्याचे कारण नाही. अन्यथा आपण ज्याचे परीक्षण करतो ती कलाकृती नसून केवळ तिची एखादी सदोष नक्कल असेल, आणि त्या नकलेचे दोष मात्र आपण कलावंताच्या नावावर मांडू.